बेंदराचा उरलेला पिवळा

तारळी उंब्रजला कृष्णेत शिरते.
तिथून उलट, पाण्याच्या विरुद्ध चालत गेलं
की माझं नोकरीचं रान:
नऊ वाड्या, एक उपकेंद्र, छत गळकं.

बुधवार लसीचा.
खांद्याला निळा डबा, डब्यात बर्फ,
तो वितळायच्या आत पोचायचं
एवढाच माझा आणि वाटेचा करार.
आल्याच्या वाफ्यांमधून, बंधाऱ्याच्या फळ्यांवरून,
करंजाखाली दोन घोट,
मग पाणंद. दोन्ही अंगांना निवडुंग,
मध्ये एका बैलगाडीची रुंदी
आणि चाकोरीतल्या पाण्यात बेडकांची पिलं.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली.
वाड्या आता गुडघ्यांत मोजते.

भाची, मैथिली, स्पेनमध्ये असते.
सुट्टीत ती नुसतीच चालते.
कुठं पोचायचं नाही, कुणाला टोचायचं नाही,
तरी दिवसाला वीस किलोमीटर.
फोटो पाठवते: नदी, गव्हाची रानं,
तासगावकडं असतात तसे द्राक्षांचे मळे,
आणि दगडावर, खांबावर, कुणाच्या गोठ्याच्या भिंतीवर
पिवळा बाण.
"मावशी, बाण असला ना,
की परक्याचं शेतसुद्धा अंग चोरून वाट देतं."
म्हटलं, आमच्याकडं वाट अंग चोरते, बाई.
शेत पसरतं.

उदाहरणार्थ सर्जेराव.
दर नांगरटीला वीतभर पाणंद खातो.
गाडीवाटेची पायवाट झाली,
पायवाटेची उसातली फट,
यंदा फटीतही त्याची सरी.
बोलले तर म्हणाला,
"शिस्टर, चालतंय कोण आता?"
त्याची नाळ मी कापलेली. पायाळू.
जगात आला तोच पाय पुढं टाकून,
आणि विचारतो, चालतंय कोण.

बेंदूर झाल्यावर शेजारच्या भिवाकडं
शिंगांना लावून उरलेला रंग होता,
डब्याच्या तळाशी, साय धरलेला.
मागितला. कशाला, ते त्यानं विचारलं नाही.
पहाटे निघाले, काठी टेकत.
बंधाऱ्यापाशी एक बाण, करंजाला एक,
आणि उसाच्या तोंडाशी, पाणंद संपल्यासारखी वाटते तिथं,
हद्दीच्या धोंड्यावर मोठा.
हात कापत होता.
शेपूट जाड आलं, टोक बोथट.

पंधरा दिवसांनी धोंड्यापुढं तेरड्याची फुलं.
मग हळद. कुणी म्हणालं, भंडारा.
मग नारळाची अर्धी वाटी.
पारूबाई डोकं टेकून उठत होती. तिला सांगितलं,
अगं, बाण आहे हा. मी काढलाय.
ती म्हणाली,
"तुमच्या हातनं काढून घेतला त्येनं."

सर्जेरावानं ट्रॅक्टर वळवला.
देवाला जागा किती लागते याचा अंदाज घेत
चारी बाजूंनी दोन दोन हात सोडले.
मग येत्या-जात्या बायांचे पदर पाचटात अडकायला लागले,
म्हणून दोन सऱ्या मोडल्या.
पाणंद नव्हे.
पण खांद्याला डबा लावून जाता येईल, एवढं.

पुढं गोष्ट बिघडली.
पोरांनी वर्गणी काढली, चौथरा बांधला,
धोंडा उचलून सिमेंटमध्ये बसवला
आणि बसवताना फिरवला.
बाण आता वाड्यांकडं दाखवत नाही,
आडवा, सर्जेरावाच्या विहिरीकडं दाखवतो.
मैथिलीला फोटो पाठवला.
खूप हसली, मग म्हणाली,
"पण मावशी, चुकेल ना कुणीतरी."

चुकू दे.
परवा दोघं चुकलीच,
पाठीला ही मोठी ओझी, बोलण्यावरून पुण्याची.
विहिरीवर त्यानं त्यांच्यासाठी मोटर चालू केली.
ओंजळीनं प्यायली, तोंडं धुतली,
नदी कुठल्या अंगाला म्हणून विचारलं.
हातानं दाखवून भागलं असतं.
पण तो पायाळू माणूस उठला,
चपला शोधल्या, मिळाली ती एकच,
तीही तिथंच टाकली
आणि अनवाणी त्यांच्या पुढं पुढं निघाला
मोडलेल्या दोन सऱ्यांमधून.