चामोटी

दोन पट्टे होते, एकाच कडीत अडकवलेले.
एक तागाचा, देवळाली कॅम्पच्या लिलावातला,
त्यावर तोफखान्याचा शिक्का, अर्धा पुसट:
चौऱ्याहत्तर, आणि पुढचा आकडा नाही.
दुसरा म्हशीच्या कातड्याचा,
नानांच्या तळहातासारखाच तेलकट.

इंद्रकुंडाजवळच्या आमच्या बोळात
नळाला पाणी यायच्या आधी हा आवाज यायचा.
तागावर खरखर,
मग कातड्यावर नुसता श्वास.
आधी ताग, मग कातडं. वीस आणि चाळीस.
मी अंथरुणात मोजायचे.
अडतिसाला थांबले की कळायचं
दारात कुणीतरी आलंय,
आज घाट लवकर भरणार.

"पाठ पुढं, धार मागं," नाना सांगायचे,
"वस्तरा वळवायचा तो पाठीवरून.
धारेवरून वळवलास तर चामोटी कापशील."
मी नऊ वर्षांची. धारेवरूनच वळवला.

कातड्याला आडवी चीर पडली, नखाएवढी.
नानांनी मारलं नाही.
चीर बोटाने चाचपली, डिंक भरला,
पॉलिश पेपरने घासली,
आणि पुढची एकतीस वर्षं
तेवढ्या जागी वस्तरा जरासा उचलत राहिले.
आवाजात एक खाच ऐकू यायची.
गिऱ्हाइकांना वाटायचं, नानांची लकब आहे.

रामकुंडावर किती डोकी केली, विचारू नका.
जावळाची, किंचाळणारी.
मुंजीची, आईच्या मांडीवरून निसटणारी.
आणि बापाच्या दहाव्याला आलेली,
हललीच नाहीत ती.
नाना म्हणत, तान्ह्या पोराला धार कळते,
मेलेल्याच्या पोराला काहीच कळत नाही,
म्हणून त्याच्यासाठी दहा हात जास्तीचे.

मग अर्ध्या पातीची पद्धत आली.
कागद काढा, पाती मोडा, लावा, फेका.
"बरंच झालं," नाना म्हणाले, "रोगराई असते."
आणि तरीही रोज वीस आणि चाळीस,
वस्तरा कुणालाच लावायचा नसताना.
आई चिडायची, "आता ती धार खायचीय का?"
"झोपते गं ती. रात्रीतून कड वाकते.
सकाळी उठवावी लागते."

नानांच्या दहाव्याला
चुलतभाऊ भिवराजने माझ्या भावाचं डोकं केलं.
पाती दातांनी मोडली.
टाळूवर थेंबभर रक्त आलं, त्याने तुरटी फिरवली,
भाऊ पाण्याकडे बघत बसला.
मी मागच्या पायरीवर धोकटी उघडली.
पूर आला की नावा बांधतात त्या लोखंडी कडीत
दोन्ही पट्टे अडकवले, ताणून धरले,
आणि सुरू केलं.

गुरुजी मंत्रात अडखळले.
आत्याने पदर तोंडावर घेतला.
भिवराज म्हणाला, "ताई, कुणाची करायचीय?"
"कुणाचीच नाही."
"मग?"
मला उत्तर माहीत नव्हतं.
तागावर तेरा झाले होते, मोजणी चुकली असती.

कातड्यावर आले. पाठ पुढं, धार मागं.
चिरेपाशी हात आपोआप उचलला गेला.
वरून कुणीतरी फुलांचा द्रोण सोडला, तो दगडाला अडकून राहिला.
भिवराजने सामान आवरलं.
चाळीस झाले.
थांबले नाही.
दहा बाकी होते.