नव्वद सेकंद

सोमवार. उद्यमनगर बंद.
लेथवर गोणपाट, वाळूच्या ढिगावर मांजर.
शटर गुडघ्यापर्यंत वर करून
मी वाकून आत.

शनिवारी वीज उसळली न् जुन्या पेटीचा बोर्ड गेला.
तवनाप्पा म्हणाले, "गेलं ते गेलं, नवं घालूया की."
पण सहा वर्षांचे कास्टिंगचे हिशेब
चुन्याच्या डबीएवढ्या त्या डिस्कवर,
आणि ती गेली नव्हती.

चार स्क्रू. एक माझ्या दातांत.
दुसरी पेटी त्यांच्या सुनेच्या मिटलेल्या पार्लरमधली,
झाकणावर नेलपॉलिशचा वाळका ओघळ.
आधी तिनं डिस्कला ओळखच दाखवली नाही.
सेटिंगमध्ये शिरून जुनी पद्धत चालू केली
तेव्हा कुठं पडद्यावर पांढरी अक्षरं धावली.

प्रोसेसर वेगळा. चालेल.
रॅम निम्मी. भागवू.
नेटवर्क कार्डाला जुन्या नावानं हाक मारली,
कुणीतरी भलत्याच नावानं ओ दिली.

मग सगळं थांबलं.
दुसरी डिस्क शोधत होती ती,
तीच, जी बोर्डाबरोबर जळाली.
लाल चांदण्या डावीकडून उजवीकडं,
उजवीकडून डावीकडं,
नव्वद सेकंद.
मी म्हणाले, नाही गं ती आता.
यंत्राला कोण सांगणार.

नव्वद झाले.
पुढं गेली.
आणि विचारलं, हळदी लॉगिन?

हळदी म्हणजे दस्तगीरचं गाव.
लिनक्स त्यानंच घातलेलं, नावही त्यानंच ठेवलेलं,
मस्कतला जायच्या आधी.
तिथून तो आला नाही.
त्याची बॅग आली.

पासवर्ड मला पाठ होता.
कुठली फाईल उघडायची, तेही.
डिस्कांची यादी. तिसऱ्या ओळीत
ती जळालेली, तिचा लांबलचक नंबर,
शेवटी एक छोटी अट,
आणि वर इंग्रजी अक्षरांत मराठी, त्याची टीप:
ही नाही सापडली तर अडून बसू नको. पुढं जा.

कुणाला लिहिलं होतंस रे.

ओळ खोडली तर रोजचे नव्वद सेकंद वाचतील.
कर्सर तिथं नेला. बराच वेळ लुकलुकत राहिला.
बाहेर कुणीतरी शटरवर थाप मारून गेलं,
आज सुट्टी हाय न्हवं?

फाईल तशीच बंद केली.
तेवढ्यात चहा गाळून होतो.