तिसरी प्रत

रेशीमवाले डॉक्टरांनी एवढंच विचारलं,
"फुकट आहे ते ठीक. पण टिकेल किती?"
आणि एक्स-रे उजेडाला धरावा
तसं माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

म्हटलं, शुक्रवारी सांगतो.

रामबागेतल्या तळघरात अकरा यंत्रं,
जेल रोडवरून घासाघीस करून आणलेल्या डिस्का,
त्यांवर एकोणीस वर्षांची फुप्फुसं, गुडघे,
महूच्या एका बाईंचा मणका, दर सहा महिन्यांनी नवा,
देवासच्या एका मुलाची कवटी, जिच्यात काहीच निघालं नाही
आणि त्याचा बाप आमच्या पायऱ्यांवर बसून रडला होता.
प्रत्येक चित्राचे तुकडे,
प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती, तीन यंत्रांवर.
एक यंत्र गेलं तर उरलेली दोन
आपसात बोलून तिसरी प्रत पुन्हा घडवतात.
मी पाहिलंय. रात्री दोनला. कुणालाही न उठवता.

म्हणजे टिकणं त्याला येतं.
प्रश्न तो नव्हताच.

चार रात्री मी त्याची वही वाचत बसलो.
कुणी, कधी, कुठली ओळ बदलली, का बदलली,
सगळं उघडं, कुणीही वाचावं.
सुरुवातीला एकतीस नावं. एका नावाच्या स्पेलिंगवरून
सत्तर निरोप, शिव्या तेवढ्या राहिल्या.
भांडतायत म्हणजे घर नांदतंय.
मग एक कंपनी आली, पगार आले,
दर तीन महिन्यांनी नवी आवृत्ती.
मग त्या कंपनीलाच कुणी विकत घेतलं
आणि एका आठवड्यात सात नावं थांबली,
पंगतीतून मध्येच उठल्यासारखी,
पानात भात तसाच.

आता दोन उरलीत.
एक जण फक्त टिपणांतल्या चुका सुधारतो.
दुसरा ओत्सो, फिनलंडात कुठेतरी.
त्याची शेवटची नोंद: मुलगी झोपली. गळती बंद केली.
हल्ली तो रविवारीच लिहितो.

तुकड्याच्या तीन प्रती.
तुकडे कसे जुळतात हे ज्याला कळतं
त्याची एक.

सराफ्यात, थंडीत, गराडूवर मसाला भुरभुरत जुबेर म्हणाला,
"भिया, विकतचं घे ना. कंपनी असते, फोन उचलते."
मी त्याला कपाटातल्या फितींबद्दल सांगितलं.
विकतच्याच होत्या. फोन पहिल्या रिंगला उचलायचे.
कंपनी गेली, किल्ली तिच्याबरोबर गेली,
आणि त्या फितींत चार हजार माणसं
श्वास रोखून उभी आहेत अजून,
"सोडा श्वास" म्हणणारं कुणी नाही.
इथे निदान कुलूप नाही.
बंद पडलं तरी आत जाता येईल.

"जाईल कोण?" जुबेरनं विचारलं.

गराडू गार झाला.

शुक्रवारी मी त्यांच्याच भाषेत लिहून दिलं:
प्रकृती स्थिर. वय पाहता देखरेख आवश्यक.
वर्षांचा रकाना कोराच.
डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला.
"हे मी दिवसातून वीसदा लिहिते," म्हणाल्या.
"याचा अर्थ मला विचारू नका असा होतो."
मी हो म्हटलं.
त्यांनी सही केली. दोन वर्षं, मग पुन्हा बघू,
आणि साध्या नकला वेगळ्या काढून ठेवा, माळव्याच्या उन्हात भाजणार नाहीत अशा.

रविवारी तळघरात उतरलो.
चार नंबरच्या यंत्राची वायर उपटली, मुद्दाम.
दिवे पिवळे झाले, पंखे चढले,
बाकीची दहा हळूहळू बोलायला लागली.
त्यांना चाळीस मिनिटं लागतात.

तेवढ्यात मी ओत्सोनं गळती बंद केली ती फाइल छापून घेतली,
दोन हजार दोनशे ओळी, पाठकोऱ्या रिपोर्टांवर,
आणि पेन्सिल घेऊन बसलो.
दिवे हिरवे झाले तेव्हा
मी एकोणचाळिसाव्या ओळीवर होतो.
तिथे एक प्रश्नचिन्ह आहे, माझं.