हातचा

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला की
चौकाचौकात दोर बांधतात.
माणसं दोर धरून बँकेत जातात, दंतवैद्याकडे जातात.
मी दर गुरुवारी तिच्याकडे जाते,
बॅगेत अंकांचा कागद, एक घड्याळ आणि तीन शब्द.

नेरीना दोब्रोनिच, वय एक्याऐंशी,
एकोणीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये.
"तुम्ही कोण?" ती विचारते.
मी सांगते, इग्नासिया.
"छान नाव आहे," ती म्हणते, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं.
अकराव्यांदा.

मी अंक वाचते. सेकंदाला एक, आवाज सपाट ठेवून,
कारण हेल आला की अंक त्या हेलाला लोंबकळून राहतात.
चार, नऊ, एक, सात, दोन, आठ.
ती परत देते, एकही सांडत नाही.
सातही देते. आठावर जरा अडखळते,
पण देते.
मला स्वतःला सातच जमतात.

"त्यात काय! कानातून हातात येईपर्यंत धरायचं.
वायर खोचली, दिवा विझला, सोडून द्यायचं.
दिवसाला आठशे नंबर, बाई.
सगळे ठेवून घेतले असते
तर रात्री मला माझंच घर सापडलं नसतं."

मग तीन शब्द : शिडी, संत्रं, लोकर.
मग चहा.
मग सदतीस अधिक अठ्ठेचाळीस, कागदाशिवाय.
सात नि आठ पंधरा, ती पुटपुटते,
पाच मांडले, हातचा एक,
तीन नि चार सात...
खाली रस्त्यावर कुणाचीतरी टोपी उडते, ती हसते,
आणि सातावरच थांबते.
हातचा एक गेला टोपीमागे.

पाच मिनिटं झाली. ते तीन शब्द?
"कुठले शब्द?"
ती आठवायचा प्रयत्नही करत नाही.
हरवलेल्या वस्तूची निदान जागा तरी रिकामी दिसते.

आणि तरी विचारा तिला दोनशे एकतीस :
बेकरी, मालक बोलण्याआधी खोकायचा.
पाचशे आठ : डॉक्टर, रात्री सहाव्या घंटेला उचलायचा,
तोही शिव्या घालत.
एकशे चौसष्ट : मेंढ्यांच्या कुरणावरचं घर,
जुलैची रात्र, बाईला कळा, रस्ता बंद,
आणि नेरीनाने चार तास लाईन धरून ठेवलेली,
इकडे सुईण, तिकडे घाबरलेली धाकटी बहीण.
"मूल रडलं ते बापाच्या आधी मी ऐकलं."

मागच्या गुरुवारी तो मुलगा होता.
आज मुलगी आहे, आणि बर्फाच्या जागी पाऊस.
मी दुरुस्त करत नाही.
ती गोष्ट ती दर वेळी नव्याने शिजवते,
घरात असेल ते घालून.
माझ्या आजोबांची आठवण तरी मी काय वेगळी करते?
त्यांच्या मिशा मी फोटोतून आणल्यात,
आवाज बहुधा काकांचा आहे.

निघताना एक दिसलं.
पहिल्या महिन्यात मी दाराजवळच्या स्टुलावर बसायचे.
आता मी यायच्या आधीच
खिडकीजवळची खुर्ची शेकोटीकडे सरकवलेली असते,
तिच्यावर उशी.
मी विचारलं, कुणासाठी?
"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "गुरुवारी थंडी असते."

तिच्या भिंतीवर कॅलेंडर नाही.

बाहेर आले. वारा तोच.
जिन्यात आईने फोनवर गवंड्याचा नंबर सांगितला होता,
लिहायला कागद नव्हता,
म्हणून तोंडातल्या तोंडात घोळवत चालले,
सहा एक सहा, चार शून्य तीन,
सहा एक सहा, चार...
फळवाला ओरडला, "संत्री!"
आणि मला शिडी आठवली, लोकर आठवली.
नंबर गेला.

दोर मात्र हातात होता.
तो कधी धरला ते काही आठवत नाही.