पालकांची फेरी

लॉन्च गोराईच्या धक्क्याला लागली तेव्हा
ऊन कलून गेलं होतं.
माझ्या हातात डबा, वैजयंताच्या हातात डबा,
माझ्या पायांत बँकेचेच काळे बूट,
कारण ड्युटी सुटली चारला,
आणि घरी जाऊन बदलत बसलो असतो
तर जेवण हुकलं असतं.

निनाद सुरूंच्या झाडांत उभा होता.
गळ्यात स्कार्फ, गुडघ्यांना राख,
एका रात्रीत दोन बोटं वाढल्यासारखा.
त्यानं डावा हात पुढे केला.
मी उजवा. मग दोघांनी बदलले. पुन्हा चुकले.
"स्काउटमध्ये डावाच देतात, बाबा."
बरं, म्हटलं.
घरी आपण कुठला हात देतो एकमेकांना?

तंबू पोरांनीच ठोकलेले. एक कललेला.
"तो आमचा," निनाद म्हणाला, छाती काढून.

पलीकडे वाळूच्या पोत्यांची भिंत,
तिच्यापुढे पाच पुठ्ठे,
मधोमध काळं वर्तुळ, पावलीएवढं.
निवृत्त सुभेदार खोचरे खिशात
छऱ्यांची डबी खुळखुळवत सांगत होते :
श्वास अर्धा सोडा.
चाप ओढू नका, दाबा,
आंबा पिकलाय का बघतो आपण, तसा.
पोरांचं झालंय. उजेड आहे तोवर
आता पालकांची फेरी. प्रत्येकी तीन.

"माझ्या बाबांकडे खरी बंदूक आहे"
हे निनाद पाचवीपासून सांगत आलाय,
हे मला कळलं
बावीस पोरं एकदम माझ्याकडे वळली तेव्हा.

आहे. दुनळी.
चौदा वर्षं मालाडच्या शाखेच्या दारात
ती माझ्या खांद्यावर आहे.
तिच्या पट्ट्यानं किती शर्ट विरले.
मी आजोबांचे फॉर्म भरून दिलेत,
दोरीचं पेन पुन्हा दोरीला बांधलंय,
पासबुकाचं मशीन थापटून थापटून चालू केलंय.
सरावाला पाठवतो म्हणालेले साहेब
बदली होऊन नागपूरला गेले.
वर्षातून एकदा तेल, एकदा फडकं.
काडतुसांचा लाल रंग
खिशात घासून घासून गुलाबी झाला.

हे कुणाला सांगायचं, आणि कशाला?

ताडपत्रीवर पालथा झालो.
पोटाखाली एक खडा.
इतकी हलकी बंदूक मी कधी धरली नव्हती.
एक डोळा मिटला. श्वास अर्धा सोडला.
उरलेला अर्धा कुठे ठेवायचा
ते सुभेदारांनी सांगितलं नव्हतं.
फट्.
फट्.
फट्.

माझा पुठ्ठा कोरा.
खोचरे शेजारचा उलटसुलट करत आले.
"डिमेलो बाई, तुम्ही तीन मारलेत ना?
इथे भोकं चार आहेत."
चौथं बरोब्बर काळ्याच्या मध्यात.

पोरं हसली, लोळून हसली.
निनादही हसला,
आधी बुटांकडे बघत,
मग माझ्याकडे.

पंगत त्याच ताडपत्रीवर बसली.
पोरांची खिचडी तळाला लागलेली,
पिंगुळकर सर म्हणाले, करपट भाग खरा स्काउटचा.
वैजयंताचं वालाचं बिरडं
बघता बघता संपलं.
डिमेलो बाईंनी मला सुक्या बोंबलाचे
दोन तुकडे जास्त वाढले.
"तुमच्यामुळे पहिली आले मी."
त्यांचा एल्डन लाजून लाल.

शेवटच्या लॉन्चपर्यंत निनाद टॉर्च घेऊन आला.
उजेड माझ्या बुटांवर पाडत चालला,
स्वतः अंधारात.
"खरी किती जड असते, बाबा?"
"तुझ्या दप्तराएवढी.
फक्त सकाळपासून संध्याकाळपर्यंत."
तो काही बोलला नाही बराच वेळ.
खाडीला ओहोटी, चिखलाचा वास, डास.
धक्क्यावर मी डावा हात पुढे केला.
त्यानं दोन्ही हातांनी धरला.

लॉन्चमध्ये मी तो कोरा पुठ्ठा
चार घड्या करून वरच्या खिशात ठेवला.
सोमवारी एक तारीख,
पेन्शनची रांग दाराबाहेर येणार.
वैजयंता पिशवी चाचपत होती.
"डब्याचं झाकण तिथंच राहिलं," म्हणाली.