पस्तीस मीटर

एप्रिलात इतवारीत पाईप मागितला
की दुकानदार आधी विचारतो, कूलर किती फुटी?
दारात वाळ्याच्या ताट्या रचलेल्या,
आत पंप, पंखे, घामेजलेली गिऱ्हाइकं.
मी म्हटलं, कूलर नाही भाऊ. काचा.
नऊ मजले, वर्धा रोड.
मुस्तन्सिरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

जुन्याचा हातभर तुकडा नेला होता पिशवीत,
दवाखान्यात रिपोर्ट नेतात तसा.
त्यांनी तो उजेडात धरला, अंगठ्यानं दाबत गेले.
"इथं कठड्याची धार लागते. रोज, एकाच जागी.
इथं कुणी तार आवळली, क्लिपचे पैसे वाचवून.
आणि आतून हा शेवाळ.
पारदर्शक कशाला घेतला?"
स्वस्त होता.
शिवाय पाणी चाललेलं दिसायचं.
"तुम्हाला दिसायचं, तसं उन्हालाही दिसायचं," ते म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं.
रूपचंद दोरावर असतो, मी गच्चीवर नळाशी.
मधात हा पाईप.
खाली ट्रक, मेट्रो; हाक पोचत नाही,
म्हणून त्यानं ओढायचं आणि मी समजायचं.
एक झटका, सोड. दोन, बंद.
तिसरा आम्ही ठरवलाच नव्हता.
मंगळवारी तो आला.
सहाव्या मजल्यापाशी पाईप उकलला होता
शिजलेल्या शेंगेसारखा,
आणि मी वर उभी, हात चावीवर,
तीन म्हणजे काय ते आठवत.
पाणी बँकेच्या बोर्डावर गेलं.
त्या दिवसाची मजुरी सुपरवायझरनं त्यातच धुतली.

पिवळा वाकवला, घडीत पांढरा पडला. नको.
निळा दणकट, पण तो शेतातला,
भरला की रूपचंदच्या कमरेला रेडकू बांधल्यागत.
एक जाळीचा होता छान. त्याला नख लावलं,
मग दातही लावला; दुकानातला पोरगा हसला.
हसू दे. दातानं सांगितलं, वरचा थर नुसता रंग.
शेवटी आतल्या खोलीतून काळा आला.
तीन थर, मधात सुताची वीण.
मी गाठ मारली, ओढली, सोडली.
पाईप गाठ विसरून गेला.

"काळा तापत नाही का हो?"
"तापतो. पण काजळी असते त्यात,
ऊन काजळीपाशी थांबतं.
फक्त सकाळचं पहिलं पाणी सोडून देत जा."
भाव ऐकला आणि मनात काचा मोजल्या:
मीटरला सात काचा,
कोपरे धरले तर आठ.
काहून इतका महाग, म्हणून पाहिलं.
त्यांनी दोन पितळी क्लिपा वर ठेवल्या
आणि भाव तोच ठेवला.

पोरगा टोक धरून गल्लीत निघाला,
भांड्यांचं दुकान, झेरॉक्स, पानठेला.
एक हातगाडीवाला थांबला,
पाईप डोक्यावर उचलून धरला, खालून गेला,
मागं वळून पाहिलंही नाही.
बिलावर भाईंनी सवयीनं लिहिलं, कूलर पाईप.
खोडलं. नाव?
कुंदा नंदेश्वर.
त्यांनी जरा विचार केला आणि पुढं लिहिलं: काचा.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला गच्ची अजून गार.
पहिलं पाणी रबराच्या वासाचं,
ते डांबरावर सांडू दिलं.
कबुतरं आली, वास घेतला, गेली.
जुन्याचा एक तुकडा मी ब्लेडनं उभा चिरला
आणि कठड्याच्या धारेवर बसवला टोपीसारखा,
नवा त्यावरून खाली सोडला.
"हे काय होय वो?" रूपचंदनं हार्नेस आवळत विचारलं.
म्हटलं, असू दे. त्याले धार माहीत आहे.

उतरायच्या आधी तिसरा झटका ठरवून टाकला.
तीन म्हणजे चहा.
फुटलाबिटला तर काय, ते त्यानं विचारलं नाही,
मीही नाही.

साडेसहालाच तीन आले.