निशाणी नांगर

'कोनी पोर शे वं तू?'
पारोळ्यात एसटीतून उतरलं की कुणीही विचारतं.
मी बापाचं नाव सांगते, मग आजाचं,
तिथपर्यंत माना हलतात.
पणजाशी येऊन थांबते.
उखर्डू.
एवढंच ठाऊक.

नावातच एक नोंद आहे तशी:
आधीची लेकरं जगली नसणार,
म्हणून हा जन्मला तसा घटकाभर उकिरड्यावर ठेवला,
मरणाला वाटावं, टाकलेलंच आहे,
आणि ते पुढच्या दाराला जावं.

'कसला दाखला पाहिजे?' रेकॉर्डरूमचा कारकून.
कसलाच नाही.
'मग?' त्यानं पंखा माझ्याकडून स्वतःकडे वळवला.
रांगेतल्यांच्या हातात अर्ज, झेरॉक्स, वकिलाचं पत्र.
माझ्या हातात डबा.

तीन मंगळवार गेले.
लाल फडक्यात बांधलेली कोतवाल बुकं,
काही पानं आमच्याआधी वाळवीनं वाचलेली.
कौतिक गुरुजी मोडी लावतात, पानाला वीस रुपये,
चष्मा कपाळावर, भिंग डोळ्याला.
जन्मांत उखर्डू नाही.
मृत्यूंत नाही.
चौथ्या मंगळवारी गुरुजी म्हणाले, 'थांब जरा.
तुझा माणूस दुसऱ्याच रकान्यात बसलाय.'

अठरा सालचा ऑक्टोबर.
कारण: ताप. खाली: सदर. सदर. सदर.
वय चाळीस, अडीच, सत्तर, नऊ दिवस.
आणि शेवटच्या रकान्यात, वर्दी देणार:
उखर्डू वल्द मोतीराम, निशाणी नांगर.
पुन्हा उखर्डू, निशाणी नांगर.
सत्तावीस वेळा.
एका तारखेला तर चार नांगर, एकाखाली एक,
कागद नांगरायला काढल्यासारखे.

कुणाची माणसं ही? गल्ल्या वेगळ्या, जाती वेगळ्या.
घरचे उठू शकत नसतील,
किंवा घरचं कुणी उरलं नसेल.
हा चालत जायचा चावडीवर,
नाव सांगायचा, नांगर काढायचा, परत यायचा.

सत्ताविसावी ओळ: ठकी कोम उखर्डू.
'कोम म्हणजे बायको,' गुरुजी म्हणाले.
त्याही ओळीपुढे नांगर तसाच,
तेवढाच, त्याच जाडीचा.
त्या पानाचे पैसे गुरुजींनी घेतले नाहीत.

माघात अमळनेरला भाऊबंदांचा मेळावा.
मंगल कार्यालयात घोटलेल्या वांग्यांचा वास,
स्टेजवर गादी, गादीवर भाट,
मांडीवर हातभर लांबीची वही.
ठेक्यात पिढ्या म्हणत तो आमच्या शाखेशी आला.
मोतीराम. मोतीरामचा उखर्डू.
उखर्डू अपुत्र. वंश खुंटला.
आणि पान उलटलं.

मी उभी राहिले.
'खुंटला, तर मी कुठून आले?'
लोक हसले. भाट हसला नाही.
पान मागे घेऊन त्यानं बोटानं चाचपलं.
'आमचा आजा आला त्या फेरीला दार लावलेलं होतं.
ना शिधा, ना बिदागी.
लावलेल्या दाराला आम्ही खुंटलेलं लिहितो.'

पाचशे एक रुपयांत त्यानं सांधा जोडला:
उखर्डूचा नथू. नथूचा भावडू.
भावडूपुढे पेन थांबलं.
पोरी या वहीत येत नाहीत.
'तुला काय म्हणून लिहू, बाई?'

लिहा, वर्दी देणार.

हा शब्द त्याच्याकडे नव्हता.
दोनदा विचारून त्यानं तो समासात बसवला
आणि वही माझ्याकडे फिरवली.
सही येते मला, बँकेत दिवसाला शंभर करते.
तरी नांगर काढला.
फाळ तिरका गेला, रुमणं आखूड झालं.

शेजारची म्हातारी वाकून बघत होती.
'हाऊ नांगर चालाव नही वं,' म्हणाली,
आणि पंगतीत मला शेजारी बसवून
माझी बट्टी तिनंच कुस्करली.